बीकॉमचा सिलॅबस बदलायची वाट न बघता बीकॉम कसं बदलायचं (बेळगाव, खानापूर, निपाणीच्या सर-मॅडमसाठी)

हे लिहितोय ते बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, अथणी ह्या भागात डिग्री कॉलेजला कॉमर्स शिकवणाऱ्यांसाठी, आणि बीकॉम-बीबीएची जी पोरं स्वतःहून काहीतरी करायला बघतात त्यांच्यासाठी पण. आपली पोरं हुशार आहेत, कष्टाळू आहेत, सकाळची पहिली बस पकडून कॉलेजला येतात आणि दुपारनंतर कुठल्यातरी दुकानात कामाला जातात, आणि तरी तीन वर्षांनी डिग्री हातात आल्यावर त्यांना साधी नोकरी धरताना दम लागतो, हे बघवत नाही म्हणून लिहितोय.

उद्यमबागला किंवा मच्छेला एखाद्या फौंड्रीत (लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात) अकाउंट्सला माणूस पाहिजे म्हणून आपला पोरगा जातो. तिथं त्याला डेबिट-क्रेडिटचे नियम कोण विचारत नाही, ते येतंय हे धरूनच चालतात. विचारतात की ई-इनव्हॉईस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) काढायला येतंय काय, टूबी (सप्लायरनं जीएसटीत टाकलेल्या बिलांची यादी) मॅच करायला येतंय काय, आणि आता अलीकडं तिसरा प्रश्न सुरू झालाय, की पुण्याच्या कस्टमरनं एक एक्सेल शीट पाठवलीय, त्यात वर्षाची लाईट किती युनिट, डिझेल किती लिटर, पाणी किती, भंगार किती, कामगारांत बायका किती असं सगळं विचारलंय, ते भरून देतोस काय. पहिल्या दोन प्रश्नांना पोरं कशीबशी निभावतात, तिसऱ्याला गप्प बसतात.

आता सिलॅबसचं म्हणाल तर आपली बहुतेक कॉलेजं राणी चन्नम्मा विद्यापीठाला जोडलेली, सिलॅबस तिकडून येतो. २०२१-२२ ला एनईपीचा (राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा) आला, चार वर्षांची डिग्री झाली, मग २०२४-२५ पासून राज्य सरकारनं परत तीन वर्षांची केली आणि पेपर पुन्हा बदलले. इतक्या थोड्या वर्षांत दोनदा सगळं हललंय, त्यामुळं "नवीन सिलॅबसमध्ये येईल तेव्हा शिकवू" म्हणून बसण्यात अर्थ नाही. पण इंटर्नल मार्क आपल्या हातात असतात, असाइनमेंट कसली द्यायची ते आपण ठरवतो, प्रोजेक्ट कुठं करायचं ते आपण सांगतो, आणि वर्गात गणित सोडवताना पुस्तकातली "एक्स लिमिटेड" घ्यायची की सदलग्याची दूध डेअरी घ्यायची हे सांगायला कोण येत नाही. एवढ्या जागेत भरपूर काम होतंय.

नवीन पेपर काढू नका

पहिली गोष्ट मी हीच सांगीन. "ईएसजी" (पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार) नावाचा वेगळा पेपर, "डिजिटल बिझनेस" नावाचा वेगळा पेपर, त्याच्या नोट्स, त्याचं पाच मार्कांचं थोडक्यात उत्तर, हे केलं की पोरं ते पाठ करणार आणि परीक्षेनंतर विसरणार. त्यापेक्षा जुनेच पेपर घ्या, फायनान्शियल अकाउंटिंग, कॉस्ट, टॅक्स, मार्केटिंग, आणि त्यातल्या प्रत्येक व्हाउचरला दोन रकाने करा. एक रुपयाचा, जो आपण शिकवतोच. दुसरा मोजमापाचा, म्हणजे किती युनिट, किती लिटर, किती किलो.

कुठलंही बिल उचलून बघा, दोन्ही आकडे त्यावर छापलेले असतात. हेस्कॉमच्या (आपल्याकडच्या वीज कंपनीच्या) बिलावर रक्कम असते तशी युनिट पण असतात. पंपाच्या पावतीवर लिटर असतात. वाळूच्या, पिग आयर्नच्या (कच्च्या लोखंडाच्या) बिलावर टन असतात. आपण खतावणीत फक्त रक्कम उचलतो आणि बाकीचं फाईलला लावून टाकतो. पोरांना दुसरा रकाना भरायची सवय लागली की कस्टमरची ती एक्सेल शीट निम्मी तिथंच भरून झालेली असते, कारण कार्बनचा हिशोब म्हणजे शेवटी ह्याच बिलांवरच्या आकड्यांना एका ठरलेल्या आकड्यानं गुणणं असतं. ज्याला कीर्द-खतावणी येते त्याला हे येतंय. कॉमर्सच्या पोरांचंच काम आहे हे, आणि आपण ते इंजिनिअरिंगवाल्यांचं समजून सोडून दिलंय.

बिलं कुठून आणायची

वर्गातल्या पोरांना विचारा घरी काय धंदा आहे. कुणाच्या मामाचं वडगावात पॉवरलूम असतंय, कुणाचं कुंद्याचं दुकान, कुणाचे वडील रोज पहाटे गोव्याला भाजी पाठवतात, कुणाची खानापूरला काजूची फॅक्टरी, कुणी पतसंस्थेत पिग्मी गोळा करतंय. चार-पाच पोरांचा एक ग्रुप करा आणि एका ग्रुपला एक धंदा द्या, आणि तो धंदा पूर्ण वर्ष बदलू नका. कॉस्टिंगच्या तासाला तोच, टॅक्सच्या तासाला तोच, मार्केटिंगच्या प्रोजेक्टला तोच. ह्याचा फायदा असा की सहा महिन्यांनी त्या पोरांना त्या धंद्याची नस कळायला लागते, आणि धंदेवाल्याला पण पोरं ओळखीची होतात, मग तो हातचं राखून ठेवत नाही.

मालक बिलं द्यायला कचरतो, आणि त्याचं बरोबरच आहे. प्रिन्सिपॉलच्या सहीचं एक पानाचं पत्र न्या, मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही, त्यात साफ लिहा की कुठली बिलं बघणार, कशासाठी, फोटो काढणार की नाही, आणि पार्टीची नावं, जीएसटी नंबर, मोबाईल नंबर झाकूनच वर्गात वापरणार. झाकायचं काम पोरांकडूनच करून घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ ला झालाय, त्यावर वेगळं लेक्चर द्यायची गरज पडत नाही, स्वतःच्या हातानं शंभर बिलांवरची नावं झाकलेल्या पोराला तो कायदा कशासाठी आहे ते नीट समजतं. आणि बिलांचे फोटो वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू देऊ नका. कधीच नको. कॉलेजच्या एका कॉम्प्युटरवर एक फोल्डर, त्याला पासवर्ड, वर्ष संपलं की डिलीट.

आणि हो, विक्रीचा आकडा मागू नका. मालक तिथंच बिचकतो. खरेदीची, लाईटची, डिझेलची, ट्रान्सपोर्टची बिलं पुरेशी आहेत.

डिजिटल म्हणजे नेमकं काय काय शिकवायचं

टॅली बहुतेक कॉलेजात आहे, एज्युकेशन मोडमध्ये फुकट चालतंय, पण त्यात महिन्याच्या ठराविक तारखांनाच, पहिल्या, दुसऱ्या आणि शेवटच्या दिवशीच, व्हाउचर टाकता येतं. त्यामुळं शिकवताना सगळे व्यवहार एक तारखेला टाकायची सवय लागते, आणि पोरगं बाहेर गेलं की तारखेचं महत्त्वच त्याला कळत नाही, जेव्हा की जीएसटीत सगळा खेळ तारखेचा आहे. ह्याला उपाय म्हणजे खरी तारीख नॅरेशनमध्ये लिहायला लावा, आणि त्याच व्यवहारांची एक्सेलमध्ये खऱ्या तारखेची यादी वेगळी ठेवायला लावा. लिब्रेऑफिस फुकट मिळतंय, लॅबमध्ये एमएस ऑफिसचं लायसन नाही म्हणून अडायला नको.

मग टूबीचं गणित. महिन्याच्या चौदा तारखेला जीएसटीआर-टूबी तयार होतं, त्यात सप्लायरनं आपल्या नावावर टाकलेली बिलं दिसतात. आपल्या खरेदीच्या वहीत काय आहे आणि टूबीत काय आहे ते जुळवायचं, जे जुळत नाही त्याचं कारण शोधायचं. बिल नंबर चुकलाय का, सप्लायरनं रिटर्नच भरलं नाही का, बिल पुढच्या महिन्यात गेलंय का. हे एक्सेलमध्ये व्ही-लुकअप किंवा काउंटइफ लावून करता येतं, आणि माझं स्पष्ट मत आहे की दुसऱ्या वर्षाच्या पोराला हे एक काम जरी नीट आलं तरी त्याला बेळगावात रिकामं बसावं लागणार नाही, कारण प्रत्येक सीएच्या ऑफिसात महिन्यातून एकदा हेच चाललेलं असतंय आणि माणसं कमी पडतात. म्हणून ह्याला आठवड्याचे दोन तास द्या, बाकी एखादं चॅप्टर भरभर झालं तरी चालेल.

ई-इनव्हॉईस ५०० कोटींच्या वरच्यांना १ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं आणि टप्प्याटप्प्यानं खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना लागू झालं. म्हणजे आपल्याकडच्या बऱ्यापैकी फौंड्र्या, होलसेलवाले ह्यात आले. आयआरएन (पोर्टलवरून बिलाला मिळणारा नंबर) म्हणजे काय, क्यूआर कुठून येतो, चुकलं तर चोवीस तासांच्या आत कसं रद्द करतात आणि नंतर क्रेडिट नोट का काढावी लागते, एवढं तरी पाहिजे. पन्नास हजारांच्या वरचा माल गाडीत भरला की ई-वे बिल (माल नेताना लागणारा ऑनलाइन कागद). आपला भाग बॉर्डरचा, बेळगावहून कोल्हापूरला माल गेला की आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीचा), हुबळीला गेला की सीजीएसटी-एसजीएसटी (आपल्याच राज्यातल्या विक्रीचा). पुस्तकात हे समजवायला काल्पनिक राज्यं घेतात. आपल्याकडं निपाणीचा व्यापारी सकाळी कागलला आणि दुपारी संकेश्वरला माल देतोय, यापेक्षा चांगलं उदाहरण कुठं मिळणार.

कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग चालूच ठेवावा लागतो, म्हणजे कुठली एन्ट्री कुणी कधी बदलली ते पुसता येत नाही. ऑडिटिंगचा पेपर शिकवणाऱ्यांनी हे लॅबमध्ये करून दाखवावं. एकाला एन्ट्री बदलायला सांगा, दुसऱ्याला शोधायला सांगा. पोरं खूश होऊन शिकतात.

आणखी एक छोटं पण फार उपयोगाचं काम म्हणजे दुकानाचं यूपीआयचं स्टेटमेंट आणि गल्ल्याची वही जुळवणं. गणपत गल्लीतलं कुठलंही दुकान घ्या, दिवसाला ढीगभर छोटी पेमेंट, त्यातली काही मालकाच्या पर्सनल खात्यात, काही धंद्याच्या, काही पोराच्या नंबरवर. हे वेगळं कसं करायचं ते पोरांनी करून दिलं की दुकानदार स्वतःहून पुढच्या वर्षी पोरं पाठवा म्हणतो.

आयकराचं एक कलम पण ह्यातच बसवा, १९६१ च्या कायद्यातलं ४३बी(एच). मायक्रो आणि स्मॉल उत्पादकाचं किंवा सेवा देणाऱ्याचं बिल करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत दिलं नाही, तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, पैसे देतील त्या वर्षी धरायचा. नुसत्या ट्रेडिंगवाल्याला हे लागू नाही. पोरांना क्रेडिटरची यादी द्या, कोण उद्यम रजिस्टर्ड (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीतला) आहे, कोण उत्पादक, कोण ट्रेडर, कुणाचे किती दिवस झाले ते लावायला सांगा. पुस्तकी टॅक्स आणि खरा टॅक्स यातला फरक इथं कळतो.

आता दुसरा रकाना: फौंड्रीचं गणित

हे जरा सविस्तर लिहितो कारण इथंच सगळे अडतात.

समजा एका फौंड्रीत इंडक्शन फर्नेस आहे, महिन्याला ५० टन लोखंड वितळवतात, आणि हेस्कॉमचं बिल ३४,००० युनिटचं आहे. जनरेटर आणि फोर्कलिफ्टला मिळून ४०० लिटर डिझेल लागलं. भारताच्या ग्रिडमधली एक युनिट वीज म्हणजे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, हा आकडा केंद्रीय वीज प्राधिकरण दरवर्षी काढतं, त्या वर्षाचा नेमका आकडा त्यांच्या साइटवरून पोरांनाच काढायला सांगा. एक लिटर डिझेल म्हणजे साधारण २.६८ किलो. म्हणजे विजेचे २३,८०० किलो, डिझेलचे १,०७२ किलो, मिळून जवळपास २४.९ टन. डिझेल स्वतः जाळलं म्हणून ते स्कोप वन, वीज विकत घेतली म्हणून ती स्कोप टू, आणि पिग आयर्न बनवताना दुसरीकडं जो धूर झाला, माल पोचवताना बाहेरच्या ट्रकनं जो केला, तो स्कोप थ्री. पहिल्या वर्षी स्कोप वन आणि टू एवढंच करा, थ्री वर फक्त चर्चा.

२४.९ भागिले ५० केलं तर टनामागं अर्धा टन. पण थांबा. ५० टन वितळवलं म्हणजे ५० टन विकलं असं नसतं. रनर-रायझर (ओतताना साच्याच्या वाटेत थिजलेलं लोखंड) परत भट्टीत जातात, रिजेक्शन जातं, समजा चांगलं कास्टिंग ३० टनच निघालं. मग विकलेल्या टनामागं हिशोब ०.८३ टन होतो, आणि वीज ६८० युनिटच्या जागी ११३३ युनिट पडते. ही गोष्ट पोरांच्या लक्षात आली की त्यांना कॉस्ट अकाउंटिंगमधलं नॉर्मल लॉस, अॅबनॉर्मल लॉस आपोआप समजतं, आणि मालकाला पण कळतं की रिजेक्शन दोन टक्के कमी केलं तर पैसा पण वाचतो आणि कस्टमरच्या शीटमधला आकडा पण खाली येतो. दोन्ही रकाने एकाच दिशेला हलतात. हे फळ्यावर शेजारी शेजारी मांडून दाखवा.

हेस्कॉमचं बिल वाचायला एक तास पूर्ण द्या. कन्नडमध्ये काय लिहिलंय, डिमांड चार्ज कशाला, पॉवर फॅक्टर म्हणजे काय आणि तो पडला की दंड का लागतो. आपल्या मराठी मीडियमच्या पोरांना कन्नड बिल वाचताना अडचण येते, तर ग्रुपमध्ये एक कन्नड मीडियमचं पोरगं पाहिजेच, एकमेकांचं बघून दोघं शिकतात.

हे सगळं कस्टमर विचारतोय कशासाठी, ते पण सांगायला पाहिजे, नाहीतर पोरांना वाटतं नुसतं फॅड आहे. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं २०२१ ला बीआरएसआर नावाचा, पर्यावरण आणि समाजाबाबत कंपनी काय करते त्याचा रिपोर्ट आणला, मार्केट कॅपनं वरच्या १००० लिस्टेड कंपन्यांना तो २०२२-२३ च्या वर्षापासून सक्तीचा झाला. त्या कंपन्यांना पुढं आपल्या सप्लायरची माहिती पण द्यायची वेळ येतेय, खरेदी-विक्रीत २ टक्के किंवा जास्त वाटा असलेल्यांची, ते सध्या ऐच्छिक ठेवलंय. ऐच्छिक असलं तरी मोठी कंपनी आधीच माहिती गोळा करायला लागते, आणि बेळगावची फौंड्री कुठल्यातरी मोठ्या ऑटो किंवा पंप कंपनीची सप्लायर असतेच.

दुसरं युरोपचं सीबॅम, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर कार्बनच्या हिशोबानं लागणारी रक्कम. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा टप्पा सुरू झाला. लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खत, वीज, हायड्रोजन एवढ्यावर. इथं एक गैरसमज पसरलाय की सगळ्याच कास्टिंगवर हे लागणार. तसं नाही. यादी कस्टमच्या कोडवर चालते, ७३०७ म्हणजे पाइप फिटिंग त्यात आहे, ७३१८ म्हणजे नटबोल्ट-स्क्रू आहे, पण ७३२५, म्हणजे इतर कास्टिंगचा कोड, मूळ यादीत नाही. यादी पुढं वाढू शकते, त्यामुळं दरवर्षी बघावी लागते. पोरांना एक्सपोर्टच्या बिलावरचा एचएस कोड काढून यादीत शोधायला लावा, इंटरनॅशनल बिझनेसच्या पेपरला यापेक्षा चांगली असाइनमेंट मला तरी सुचत नाही. हत्तरगीच्या सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानाचे सुटे भाग बनतात, तिथं जायचा प्रयत्न करणाऱ्या पोरांना तर ही भाषा यायलाच पाहिजे.

ऊस आहेच की

निपाणी-चिक्कोडी-अथणी-हुक्केरीच्या कॉलेजांना फौंड्री लांब पडते, पण कारखाना जवळ असतोय. कॉस्टिंगच्या पुस्तकात जॉइंट प्रॉडक्ट आणि बाय-प्रॉडक्ट शिकवायला तेलाच्या रिफायनरीचं उदाहरण असतं जी आपल्यातल्या कुणी बघितलेली नाही. त्या जागी साखर कारखाना घ्या. उसातून साखर, बगॅस (चोथा), मळी आणि प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) निघतं. बगॅसवर को-जनची (कारखान्यातच तयार होणारी) वीज, मळीपासून इथेनॉल, प्रेसमडचं खत किंवा बायोगॅस. एकाच टन उसाचा खर्च ह्या सगळ्यांत कसा वाटायचा, हाच तर तो चॅप्टर. आणि ज्याला आजकाल सर्क्युलर इकॉनॉमी म्हणतात ती पण हीच.

एफआरपीचं, म्हणजे केंद्रानं ठरवलेल्या उसाच्या किमान दराचं, गणित जरूर घ्या. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३५५ रुपये, वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जास्त. मग ११ टक्के उतारा असेल तर किती? ७.५ गुणिले ३.४६, म्हणजे २५.९५, मिळून ३८०.९५, टनाला ३८०९.५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. २०२५ च्या नोव्हेंबरात गुर्लापूर क्रॉसला शेतकरी रस्त्यावर बसले ते ह्याच आकड्यांवरून, आणि त्यात आपल्या वर्गातल्या पोरांचे वडील, काका होते. त्या पोरांना उतारा, तोडणी-वाहतूक, कारखान्याचं को-जन आणि इथेनॉलचं उत्पन्न हे सगळं एका शीटवर मांडता आलं तर घरी जाऊन ते वडिलांना समजावून सांगतील, आणि कारखान्याच्या वार्षिक सभेत अहवाल वाचून प्रश्न विचारतील. मला वाटतं बिझनेस एज्युकेशनचा आपल्या भागात सगळ्यात मोठा उपयोग हाच होऊ शकतो. शेतकऱ्याची बाजू आकड्यात मांडायला घरचंच पोर पाहिजे.

पाण्याचा रकाना इथं विसरू नका. ठिबक आणि पाटपाणी, एकरी उत्पादन, मोटरचे युनिट. कारखान्याच्या शीटला हे जोडलं की चित्र पूर्ण होतंय.

पायताण आणि मार्केटिंगचा पेपर

कोल्हापुरी चप्पलला २०१९ ला जीआय (ठराविक भागातल्या मालाच्या नावाची नोंदणी) मिळाला, तो आठ जिल्ह्यांचा आहे, चार महाराष्ट्रातले आणि चार कर्नाटकातले, त्यात बेळगाव आहे. अथणी, निपाणी, मदभावी इथले कारागीर पिढ्यान्पिढ्या हे करतात. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं तसल्याच चपला दाखवल्या, नाव न घेता, आणि इकडं आवाज उठल्यावर मूळ कुठलं ते मान्य केलं. जीआय असून पण काय होऊ शकतं आणि काय होऊ शकत नाही, हा एक तासाचा विषय आहे. जीआयमुळं नावाला संरक्षण मिळतं, डिझाइनसारखं डिझाइन कुणी केलं तर ते वेगळं भांडण, हा फरक पोरांना ह्या केसवरून लगेच कळतो.

प्रोजेक्ट असं द्या: एका कारागिराच्या एका जोडाचा पूर्ण हिशोब. कातडं, शिलाई, मजुरी, पॅकिंग, कुरिअर, प्लॅटफॉर्मचं कमिशन, रिटर्न आला तर जाणारा-येणारा खर्च. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या जोडाला जीएसटी ५ टक्के. रिटर्नचा खर्च धरला की ऑनलाइन विकणं परवडतं की खडेबाजारच्या दुकानाला देणं परवडतं ते समोर येतं, आणि उत्तर प्रत्येक वेळी ऑनलाइनच्या बाजूनं येत नाही, हे पोरांना बघू द्या.

ह्या चपलेचं कातडं बाभळीची साल, हिरडा असल्या झाडाच्या मालानं कमावतात, क्रोम लागत नाही. म्हणजे सस्टेनेबिलिटी ह्या धंद्यात आधीपासून आहे, फक्त कागदावर नाही. पोरांनी ती कागदावर आणायची, कुठल्या टॅनरीचं कातडं, कसं कमावलं, फोटो, बिल. पण लेबलवर "शंभर टक्के इको-फ्रेंडली" असलं काही लिहू देऊ नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ग्रीनवॉशिंगवरची (पर्यावरणाच्या नावानं खोटे दावे करण्यावरची) गाईडलाईन ऑक्टोबर २०२४ ला आलीय, दावा केला तर पुरावा पाहिजे. जेवढं बिलावर दिसतं तेवढंच लिहायचं. कुंदा, करदंट ह्या मिठाईच्या बॉक्सवरच्या दाव्याला पण हेच.

मार्क कसे द्यायचे

आता सगळी पोरं असाइनमेंट चॅटजीपीटीला विचारून आणतात, इंग्लिश एकदम गुळगुळीत आणि आत काहीच नाही. त्यावर रागावून फायदा नाही. लिहिलेल्या पानांना कमी मार्क ठेवा आणि तोंडी परीक्षेला जास्त. समोर त्यांनीच आणलेलं बिल ठेवा आणि विचारा, हा आकडा शीटमध्ये कुठं आहे, हे ऑगस्टमध्ये युनिट का वाढले, हे बिल टूबीत का नाही. ज्यानं काम केलंय तो दहा सेकंदांत सांगतो. एआय वापरू द्या, एक्सेलचा फॉर्म्युला विचारायला, इंग्लिश ईमेल नीट करायला, पण त्यानं दिलेला प्रत्येक आकडा बिलाशी लावून बघायचा, हा नियम पक्का.

तोंडी परीक्षा मराठीत घ्या, कन्नडवाल्याची कन्नडमध्ये. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं पोर बीकॉमला एकदम इंग्लिशमध्ये येतं आणि डोक्यात असलेलं तोंडातून बाहेर येत नाही. समजलंय की नाही ते त्याच्या भाषेत तपासा, आणि रिपोर्ट मात्र इंग्लिशमध्ये लिहायला लावा, छोट्या वाक्यांत, कारण कस्टमरची शीट आणि जीएसटीची नोटीस इंग्लिशमध्येच येणार आहे. दोन्ही पाहिजे.

आपण स्वतः कुठून शिकायचं

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी नोकरी लागली तेव्हा व्हॅटचा जमाना होता. लाज वाटायचं काही कारण नाही. स्वयमवर (सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर) फुकट कोर्स आहेत, पण खरं शिकायचं तर एखाद्या फौंड्रीच्या जुन्या अकाउंटंटच्या शेजारी बसून शिकायचं. त्यांना कॉलेजला गेस्ट म्हणून बोलवा, भाषण देऊ नका म्हणावं, फक्त लॅपटॉप प्रोजेक्टरला लावून महिन्याचं काम जसं करता तसं करून दाखवा. मानधनाला पैसे नसतात आपल्याकडं, पण एक शाल, एक नारळ आणि कॉलेजचं पत्र दिलं तरी ही माणसं आनंदानं येतात, त्यांना आजपर्यंत कुठल्या कॉलेजनं बोलवलेलंच नसतं. माजी विद्यार्थी तर नुसत्या फोनवर येतात.

बोर्ड ऑफ स्टडीजला काही सुचवायचं असेल तर आधी एक वर्ष हे करा, मग पोरांच्या शीट्सच्या चांगल्या पाच-सहा प्रती नावं झाकून जोडा आणि प्रपोजल द्या. नुसतं "ईएसजी समाविष्ट करावे" असं पत्र पाठवलं तर कुणाचं लक्ष जात नाही, पोरांनी केलेली टूबीची जुळवणी समोर ठेवली तर जातं.

वेळेचं तेवढं बघा. मार्च-एप्रिलला कुणाच्या दारात पोरं पाठवू नका, इयर एंडिंगला मालक बोलायच्या मनःस्थितीत नसतो. साखर कारखान्यात हंगाम सुरू व्हायच्या आधी ऑगस्ट-सप्टेंबरला एकदा जा, म्हणजे ऑफिसातली माणसं निवांत भेटतात, आणि गाळप चालू असताना डिसेंबरला परत जा, म्हणजे प्लॅंट बघायला मिळतो. अकरा तारखेला जीएसटीआर-वन (विक्रीचं रिटर्न), वीस तारखेला थ्रीबी (कर भरायचं रिटर्न), त्यामुळं सीएच्या ऑफिसात आणि दुकानात एकवीस ते तीस ह्या दिवसांतच जा. सेमिस्टर सुरू झालं की पहिल्या आठवड्यात धंदे ठरवा आणि पत्रं देऊन टाका, कारण हो म्हणायला मालक दोन-तीन आठवडे घेतातच.